नक्षी, नंबर आणि एक जुनं पत्र

(दृश्य: सुती हातमोजे घातलेले हात, टेबलावर दिवा)

या जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचा फिरता भाग, बाहेर काढून सहाही कप्पे रिकामे असल्याची खात्री केली, मगच दिवा जवळ आणला.

नळीच्या वरच्या पट्टीवर ही बारीक चौकटींची नक्षी बघा. ती मागे फ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावरही तशीच पुढे गेली आहे. नेम धरताना पोलादावरची चमक डोळ्यांवर येऊ नये, म्हणून ती कोरलेली. नव्वदच्या आसपास वर्षं झाली, तरी एकही रेघ बुजलेली नाही. म्हणजे या पोलादावर नंतर कुणी पॉलिशचं चाक फिरवलेलं नाही. यापेक्षा चांगली बातमी संग्राहकासाठी दुसरी नसते.

हे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातलं. १९३५ साली, ऐन मंदीत, कंपनीने .३५७ मॅग्नम हे नवं, जोरकस काडतूस आणि त्यासाठी हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत ६० डॉलर. तेव्हा ही रक्कम मोठीच होती, पण त्या पैशांत प्रत्येक नग गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम घडवून मिळायचा. नळी साडेतीन इंचांची हवी की पावणेनऊ, हे पाव-पाव इंचाच्या फरकाने सांगता यायचं. मूठ कशी, नेमाच्या खुणा कशा, तेही गिऱ्हाइकानेच ठरवायचं. पहिला नग एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे तेव्हाचे संचालक जे. एडगर हूव्हर यांना गेला. अमेरिकी सैन्यातले जनरल पॅटन यांनीही एक घेतलं आणि त्याला हस्तिदंती मूठ बसवली.

(दृश्य: सिलिंडर उघडलेला, फ्रेमच्या खाचेवर कॅमेरा)

आता इथे बघा. सिलिंडरचा आधार जिथे फ्रेमला बसतो, त्या खाचेत ‘आरईजी’ ही तीन अक्षरं आणि पुढे आकडे ठोकलेले आहेत. हा नोंदणी क्रमांक. खरेदीदाराने आपलं नाव कारखान्याला कळवलं की त्याला या क्रमांकाचं प्रमाणपत्र यायचं. म्हणूनच याला ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ म्हणतात. १९३९पर्यंत असे साडेपाच हजारांच्या आसपास नग तयार झाले आणि नोंदणीचा हा व्याप कंपनीने आवरता घेतला.

मुठीच्या तळाचा अनुक्रमांक वेगळा असतो. तोच सिलिंडरच्या मागच्या बाजूला आहे का, नळीखाली आहे का, लाकडी मुठीच्या आतल्या अंगाला आहे का, हे एकेक करून ताडून पाहावं लागतं. घोडा आणि चाप यांवरचे करडे-तपकिरी रंगही बघायचे. तेही निळेकाळे झालेले दिसले, तर कुणीतरी सगळंच पुन्हा रंगवलं, असा संशय घ्यावा. जुनं हत्यार चकचकीत करून देणारे भेटतात. कृपा करून त्यांच्याकडे नेऊ नका.

(दृश्य: लिफाफा, पत्राची घडी)

हे पत्र स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून आलंय. कंपनीच्या जुन्या वह्यांमधून नग शोधून ते लिहितात. कारखान्यातून माल कधी निघाला, कुणाकडे गेला, नळी किती लांब होती, मूठ कोणती होती. नुसत्या अनुक्रमांकावरून वर्ष सांगणं धोक्याचं, कारण तयार फ्रेम क्रमानेच बाहेर पडायच्या असं नव्हतं. रवानगीची तारीख मात्र पक्की. पत्रातली नळीची लांबी आणि टेबलावरच्या पट्टीचं माप इथे जुळतंय. नळी बदललेली नाही.

(दृश्य: लाकडी पेटी उघडते)

आणि हे दुसरं. १९७७, कंपनीची १२५ वर्षं. मॉडेल २५, .४५ कोल्ट काडतुसाचं, नळीवर सोनेरी अक्षरं, सोबत पदक आणि पुस्तक. मर्यादित आवृत्ती म्हणून जाहीर करून दहा हजार नग काढले. देखणं आहे, यात शंका नाही. पण विकत घेणाऱ्या बहुतेकांनी ते पेटीतच जपलं, त्यामुळे आजही न वापरलेले, पेटीबंद नग सहज मिळतात. एकदा गोळी झाडली, पेटी हरवली, किंवा नुसता सिलिंडर फिरवून त्यावर ओढीची रेघ उमटली, तरी भाव घसरतो.

रजिस्टर्ड मॅग्नमचं तसं झालं नाही. ती पोलिसांच्या कमरेला होती, शिकाऱ्यांबरोबर रानात होती. झिजली, हरवली, कुणी नळी कापली, कुणी निकेल चढवलं. मूळ रूपात उरली ती थोडी, आणि प्रमाणपत्रासकट उरली ती त्याहून थोडी. तो कागद हल्ली स्वतंत्रपणेही विकला जातो. मला विचाराल तर कागद आणि हत्यार यांची ताटातूट करणं हे नवं पॉलिश चढवण्याइतकंच वाईट.

किमतीचं थोडक्यात सांगायचं, तर प्रमाणपत्रासह चांगल्या अवस्थेतली रजिस्टर्ड मॅग्नम लिलावात पाच आकडी डॉलरपर्यंत जाते. अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायची, तर व्यवहार सहसा परवानाधारक दुकानदारामार्फतच करावा लागतो.

(दृश्य: पत्र, अनुक्रमांकाचे फोटो आणि जुनी पावती एकाच पाकिटात)

हे पाकीट आता रिव्हॉल्व्हरसोबतच तिजोरीत राहील.