यंत्राला नेमकं काय विचारलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज सुरुवात एका भागाकाराने करू या. समजा, एका माणसाने वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत 26,000 डॉलर कमावले. मग त्याची नोकरी गेली. उरलेले सहा महिने त्याने सरकारकडून बेकारभत्ता घेतला आणि दर पंधरवड्याला प्रामाणिकपणे लिहून दिलं, ‘कमाई शून्य’. आता संगणक त्याची वर्षाची कमाई घेतो आणि तिला 26 पंधरवड्यांनी भागतो. उत्तर येतं 1,000. म्हणजे संगणकाच्या लेखी हा माणूस प्रत्येक पंधरवड्याला हजार डॉलर कमावत होता आणि भत्ता घेताना ते लपवत होता. त्याच्या नावावर थकबाकी चढते, घरी नोटीस जाते, आणि ‘मी कमावत नव्हतो’ हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. तीही कधी कधी काही वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांच्या आधारे.

ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत हेच घडलं. आकडे मी सोपे करून घेतले आहेत, पण हिशेबाची रीत तीच. 2019 मध्ये न्यायालयात ही वसुली बेकायदा ठरली, आणि 2020 मध्ये सुमारे 4,70,000 थकबाक्यांपोटीचे 72 कोटींहून अधिक डॉलर परत करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच नव्हती. होता तो चौथीतला भागाकार. सरासरी कमाई म्हणजेच प्रत्यक्ष कमाई, असं कुणीतरी ठरवलं आणि मधली माणसाची तपासणी काढून टाकली. हे निर्णय यंत्राचे नव्हते. आज एआय हाताशी असताना हाच भागाकार कितीतरी पटींनी गुंतागुंतीचा होतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो. म्हणून निर्णय घेणाऱ्यांनी, मग ते मंत्री असोत, आयुक्त असोत की संस्थांचे प्रमुख, काय काय तपासून घ्यायला हवं, ते आज बोलायचं आहे.

सामाजिक प्रश्नांचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन अभ्यासकांनी 1973 मध्येच दाखवून दिलं होतं की असे प्रश्न गणितासारखे नसतात. प्रश्न तुम्ही कसा मांडता, यातच त्याचं उत्तर दडलेलं असतं. वाहतूक तुंबते, ती रस्ते अरुंद आहेत म्हणून, असं म्हटलंत की उत्तर येतं रस्तारुंदी. घरं आणि कामाची ठिकाणं लांब लांब आहेत म्हणून तुंबते, असं म्हटलंत की उत्तर पार बदलतं. एआय या दोन्ही मांडण्यांवर झकास अहवाल लिहून देईल. त्यातली कुठली निवडायची, हे मात्र लोकांसमोर उभं राहून, कारणं देऊन नेत्यालाच सांगावं लागतं.

आता या मांडणीतली सगळ्यात निसरडी जागा बघू. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक संगणकप्रणाली वापरात होती. कुठल्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, हे ओळखणं हे तिचं काम. पण ‘गरज’ काही थेट मोजता येत नाही. म्हणून तिला शिकवलं होतं ते पुढच्या वर्षीच्या खर्चाचं भाकीत करायला. जास्त आजारी माणसावर जास्त खर्च होणार, वरवर पाहता तर्क बिनचूक! पण प्रत्यक्षात, तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आला होता, कारण उपचारांपर्यंत पोहोचणंच त्यांना अवघड जात होतं. यंत्राने त्याचा अर्थ लावला की हे लोक तब्येतीने बरे आहेत. विशेष म्हणजे, वंशाची नोंद प्रणालीला दिलेलीच नव्हती. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांच्या हिशेबानुसार हा भेद दूर केला, तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाणार होतं.

यातून एक काम हाती लागतं. कुठलीही प्रणाली स्वीकारण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहून घ्या: हे यंत्र नेमकं कशाचं भाकीत करतं? ‘गुन्हेगारीचं’ असं उत्तर आलं तर थांबा आणि पुन्हा विचारा. बहुतेक वेळा ते नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचं असतं, आणि नोंद तिथेच जास्त होते जिथे पोलीस जास्त फिरतात. ‘गरजेचं’ असं उत्तर आलं, तर ते कदाचित आलेल्या अर्जांचं असेल. आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला अर्ज करायला जमलेलंच नसतं. मोजायचं आहे ते आणि मोजलं जातं ते, यातलं अंतर या एका वाक्यात उघडं पडतं. हे वाक्य पुरवठादाराकडून नको, आपल्या खात्यातल्या माणसाकडून सहीनिशी घ्या.

दुसरी गोष्ट अचूकतेची. ‘आमची प्रणाली 95 टक्के अचूक आहे’ हे वाक्य बैठकीत ऐकलं की माना डोलतात. कागद-पेन्सिल जवळ असेल तर हिशेब करू. लाभार्थी एक लाख. त्यात खरोखर लबाडी करणारे एक टक्का, म्हणजे 1,000. यंत्र त्यातले 950 पकडतं. उरले 99,000 प्रामाणिक लोक. त्यांच्या बाबतीत यंत्र पाच टक्के चुकतं, म्हणजे 4,950 निरपराध माणसांवर बोट ठेवतं. एकूण संशयित 5,900, त्यात खरे दोषी 950. साधारण सहा जणांपैकी पाच जण निर्दोष! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर जळणारं बहुतेक ओलंच आहे. म्हणून नुसती अचूकता विचारू नका. ‘यंत्राने बोट ठेवलेल्या शंभर जणांत खरे दोषी किती?’ असं विचारा. आणि तो आकडा कळेपर्यंत यंत्राच्या शब्दावर कुणाचाही भत्ता थांबवू नका, फक्त चौकशीची यादी करा. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत परदेशी नागरिकत्व हे जोखमीचं लक्षण धरलं गेलं, आणि फॉर्ममधल्या किरकोळ चुकांवरून कुटुंबांकडून भत्त्याची पूर्ण रक्कम परत मागितली गेली. हजारो घरं कर्जात बुडाली. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने याच प्रकरणावरून राजीनामा दिला.

मग सांगितलं जातं, ‘शेवटचा निर्णय माणूसच घेतो.’ हे आश्वासन मोजून बघता येतं. एका अधिकाऱ्याकडे दिवसाला 200 प्रकरणं आणि आठ तास असतील, तर एका प्रकरणाला येतात 2 मिनिटं 24 सेकंद, तीही चहापाण्याची सुट्टी न घेता. इतक्या वेळात माणूस तपासत नाही, नुसतं बटण दाबतो. यावर एक साधी चाचणी आहे. ज्यांचं खरं उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि यंत्राची शिफारस चुकीची आहे, अशी थोडी जुनी प्रकरणं रोजच्या कामात मिसळा. दर शंभरात तीन-चार पुरेत. ही चाचणी चालू आहे हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवा. कुणाला पकडायचं नाही, व्यवस्था तपासायची आहे. ती प्रकरणंही डोळे झाकून मंजूर होत असतील, तर माणसाची तपासणी कागदावरच आहे असं समजा आणि प्रकरणांची संख्या कमी करा.

नवी प्रणाली एकदम सगळीकडे लावू नये. निदान तीन महिने ती जुन्या पद्धतीच्या शेजारी मुकाट चालू द्या. ती उत्तरं देईल, पण त्यावर कुणी कृती करणार नाही. दोघांची उत्तरं जुळत नाहीत ती प्रकरणं वेगळी काढा आणि एकेक करून वाचा. किती जुळली यापेक्षा कुणाच्या बाबतीत जुळली नाहीत, हे बघा: बायका, स्थलांतरित, अपंग, एकटे वृद्ध.

आणि यादीतच नसलेल्या माणसांचं काय? बॉस्टन शहरात एक मोबाइल अ‍ॅप निघालं होतं. गाडीत फोन ठेवायचा. खड्ड्याचा धक्का बसला की नोंद आपोआप जायची. कल्पना सुरेख होती. पण स्मार्टफोन आणि गाड्या जास्त कुठे, तर सुखवस्तू वस्त्यांत. गरीब वस्तीतले खड्डे नोंदीत येणारच नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! हा धोका ओळखून ते अ‍ॅप आधी शहरभर फिरणाऱ्या रस्ता-तपासनिसांच्या हाती देण्यात आलं. उपाय किती साधा, बघा.

एआयचा चांगला उपयोग होतो तो लोकांचं म्हणणं ऐकताना. तैवानमध्ये 2015 पासून ‘पोल-डॉट-इस’ (Pol.is) नावाचं ऑनलाइन साधन सार्वजनिक चर्चेसाठी वापरलं गेलं. लोक छोटी विधानं लिहितात, इतर जण सहमत, असहमत किंवा ‘पुढे जा’ एवढंच म्हणू शकतात. उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. संगणक मतांवरून गट पाडतो आणि विरुद्ध गटांनाही मान्य असलेली विधानं वर आणतो. उबरसारख्या टॅक्सीसेवांच्या नियमांवर तिथे अशी चर्चा झाली.

हजारो हरकती-सूचनांचा गोषवाराही एआय तासाभरात काढतो, पण तिथे एक खोट आहे. शंभर जणांनी लिहिलेली गोष्ट त्यात टिकते, दोघांनीच लिहिलेली गळून पडते. आणि गावच्या विहिरीबद्दलची खरी धोक्याची सूचना नेमकी त्या दोघांचीच असू शकते. म्हणून चिठ्ठ्या टाकून 50 मूळ अर्ज निवडा, माणसांकडून वाचून मुद्द्यांची यादी करा, आणि त्यातला प्रत्येक मुद्दा गोषवाऱ्यात सापडतो का ते बघा. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे मूळ अर्जाचा क्रमांक असलाच पाहिजे. जिथे क्रमांक देता येत नाही, ते वाक्य यंत्राने मनाने घातलेलं असू शकतं.

शेवटी अपिलाबद्दल. नोटिशीत तीन गोष्टी ठळक हव्यात: निर्णय कशाच्या आधारे झाला, दाद कुठे मागायची, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबलेली आहे. मग दर आठवड्याला प्रमुखाच्या टेबलावर दोन आकडे यावेत, अपिलं किती आली आणि त्यात नागरिक किती वेळा बरोबर ठरला. दुसरा आकडा वाढू लागला तर प्रणाली बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे, त्याचं नाव करारातच लिहिलेलं असावं, आणि जुनी पद्धत जाणणारी चार माणसं तोवर खात्यात टिकवावीत. अपिलांचा आकडा शून्य आला, तर मात्र समाधान मानू नका. त्याच दिवशी एखाद्या नोटिशीवरचा नंबर स्वतः फिरवा आणि पलीकडून कुणी उचलतं का ते बघा.

नमस्कार.