वारशाची दुनळी आणि तिचं काडतूस

(दृश्य : उघडी दुनळी बंदूक. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसायच्या जागेत, अलगद सरकतं.)

काडतूस आत गेलं, बंदूक बंदही झाली. आता बघणाऱ्याला वाटेल, जमलं की! जुन्या बंदुकीच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते.

काडतुसांच्या डब्यावर ७० मिलिमीटर छापलेलं असतं, ती लांबी झाडून झालेल्या काडतुसाची. कोऱ्या काडतुसाचं तोंड चुण्या घालून आत दुमडलेलं असतं. मोजलंत तर ते ६० मिलिमीटरही भरत नाही. बार उडाला की ती घडी पुढे उलगडते. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. जुन्या बारा बोअरचं चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची. त्यात सत्तरचं काडतूस बिनबोभाट बसतं, पण उलगडायला त्याला जागा पुरत नाही. चेंबरच्या पुढे नळी निमुळती होते, घडीच्या कडा तिथे शिरतात, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि मागे दाब चढतो. काही ६७ मिलिमीटरच्या काडतुसांवर ‘६५ च्या चेंबरला चालेल’ असं उत्पादकच छापतो. तसं छापलेलं नसेल तर आपल्या मनाने चालवून घेऊ नये.

(दृश्य : नळ्या उलट्या धरलेल्या. बुडाशी बारीक ठसे.)

मग आपलं चेंबर केवढं, हे कळायचं कसं? आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची. मग पुढचं लाकूड काढून नळ्या सोडवायच्या आणि उलट्या धरायच्या. बुडाशी सपाट भागावर ठसे दिसतील. बंदूक ब्रिटिश असेल तर ते लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे. तिथे नळीत नेहमीपेक्षा जबर बार भरून उडवतात, टिकली तरच ठसा मिळतो. ‘नायट्रो प्रूफ’ किंवा मुकुटाखाली ‘एनपी’ असेल, तर त्या दिवशी ती नळी आजच्या धूरविरहित दारूवर पास झाली होती. १९५४ पासून पुढे काही दशकं ठशांत दाबही लिहीत, दर चौरस इंचाला टनांमध्ये. अडीच इंची बारा बोअरवर बहुधा ३ टन. काही नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असं वाचायला मिळतं. तिथे नळीचं तोंड आवळलेलं आहे, एकसंध गोळी झाडू नका, एवढाच त्याचा अर्थ.

‘त्या दिवशी’ हा शब्द मुद्दाम वापरला. त्यानंतर कुणी गंज घासून नळी आतून पातळ केली असेल, कुणी चेंबर वाढवून घेतलं असेल. ठशाला ते कुठून कळणार? म्हणून काडतुसं घेण्याआधी बंदूक जाणत्या कारागिराच्या हाती द्यावी. तो गेज घालून चेंबर मोजतो, नळीची जाडी ठिकठिकाणी पाहतो, पोचे आणि खड्डे शोधतो. नळ्या टांगून हलकी टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असण्याची शंका. बंदुकीची नोंद आणि परवाना आपल्या नावावर झाल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : नळीवरची नागमोडी नक्षी.)

ही नक्षी वरून काढलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून एकजीव केल्या, त्याचीच ही रेघ. हिला दमास्कस म्हणतात. जोडाच्या आत गंज धरला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही. अशी नळी फक्त काळ्या, म्हणजे धुराच्या जुन्या दारूवर तपासलेली असेल, तर तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. ‘कमी दाबाचं’ म्हणून विकलं जाणारंसुद्धा नाही.

नळी धड निघाली, तर पुढचा प्रश्न छर्ऱ्यांच्या वजनाचा. बंदूककार ग्रीनर यांच्या नावाने सांगितला जाणारा एक ठोकताळा आहे : बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट हवं. म्हणजे २८ ग्रॅमच्या काडतुसाला सुमारे २ किलो ७०० ग्रॅमची बंदूक. त्याहून भारी बार भरला तर खांदा बोलतो, आणि जुन्या दस्त्याला मानेशी चीर जाते. माझं मत विचाराल तर २८ ग्रॅम पुरे. जुन्या बंदुकीकडून जोर काढून घेण्यात काय मजा?

छर्रे शिशाचे. शिशाला बंदी असेल तिथे बिस्मथचे, कारण तेही मऊ असतात. पोलादी छर्रे कडक. आवळलेल्या तोंडाच्या पातळ नळीला ते फुगवटा आणू शकतात. नळी त्यांच्यासाठी तपासलेली नसेल तर ते नकोतच.

(दृश्य : पिवळं काडतूस, शेजारी लाल.)

वीस बोअरची काडतुसं पिवळी ठेवतात, यामागे गंभीर कारण आहे. असं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये पडलं, तर पुढे सरकून नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं. मागून बाराचं घातलं आणि चाप ओढला, तर नळी हाताशीच फुटते. खिशात दोन बोअरची काडतुसं एकत्र ठेवू नका.

आणि बंदुकीसोबत आलेला जुना डबा? कागदी काडतुसं दमटपणाने फुगतात, चेंबरमध्ये अडकतात. बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. ती झाडून संपवायची नाहीत, कचऱ्यातही टाकायची नाहीत. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना आधी फोन करायचा, आणि ते सांगतील तशी सोपवायची.