आधारपातळी तुटते तेव्हा

पडद्यावरचा हा आलेख येस बँकेच्या शेअरचा आहे. ऑगस्ट 2018 मध्ये त्याचा भाव 400 रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेच्या प्रमुखांच्या कार्यकाळाला कात्री लावल्याचे जाहीर झाले आणि 21 सप्टेंबरला एकाच दिवसात शेअर सुमारे 29 टक्क्यांनी कोसळला. ‘एवढा पडला, आता आणखी किती पडणार?’ असे म्हणून पुढच्या दीड वर्षात असंख्य छोट्या गुंतवणूकदारांनी प्रत्येक घसरणीत खरेदी वाढवली. आपण कोणत्या भावाला बाहेर पडणार, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ठरवले होते.

ज्या भावाला पूर्वी दोन-तीन वेळा घसरण थांबली आणि खरेदीदार पुढे आले, त्या भावाला आधारपातळी म्हणतात. ती एक नेमकी रेघ नसते, तर दोन-चार रुपयांचा पट्टा असतो, आणि तो खरेदीदारांच्या तयारीवर टिकून असतो. मोठ्या उलाढालीसह भाव त्या पट्ट्याखाली बंद झाला, की तिथे खरेदी केलेले सगळे तोट्यात जातात. भाव पुन्हा वर आला की निदान मुद्दल सुटावे म्हणून तेच विकायला उभे राहतात आणि कालचा आधार आज अडथळा होतो.

म्हणून स्टॉप-लॉसचा आकडा, म्हणजे ज्या भावाला तोटा मान्य करून शेअर विकायचा तो भाव, खरेदीपूर्वीच ठरवायला हवा. समजा, एखादा शेअर 512 रुपयांना मिळतो आहे आणि त्याची आधारपातळी 480 ला आहे. स्टॉप-लॉस बरोबर 480 वर लावला, तर किरकोळ हेलकाव्यातही सौदा कापला जाईल. म्हणून तो थोडा खाली, 474 ला ठेवावा. प्रत्येक शेअरमागे 38 रुपयांची जोखीम झाली. 2 लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपये गमावण्याची तयारी असेल, तर 52 शेअर घेता येतात, त्याहून एकही अधिक नाही. बहुतेक जण आधी शंभर शेअर घेतात आणि खिशाला झेपेल असा स्टॉप-लॉस नंतर शोधतात. आमच्या मते सगळी गफलत इथेच होते, कारण बाजाराला आपल्या खिशाशी देणेघेणे नसते.

आता ऑर्डरची ही चौकट जवळून पाहू. इथे दोन रकाने आहेत: ट्रिगर किंमत 474 आणि लिमिट किंमत 472. भाव 474 ला आला की विक्रीची ऑर्डर जागी होते, पण 472 पेक्षा कमी भावाला ती विकत नाही. भाव 475 वरून थेट 465 वर उतरला, तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि शेअर आपल्याच खात्यात उरतात. साधी ऑर्डर दुपारी साडेतीनला बाजार बंद होताच रद्दही होते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी लागते.

स्टॉप-लॉसला किंमतही मोजावी लागते. 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक 5.93 टक्के घसरून 21,884.50 वर बंद झाला आणि 7 जूनला तो 23,290.15 वर, म्हणजे घसरणीपूर्वीच्या पातळीच्याही वर पोहोचला. त्या मंगळवारी ज्यांचे सौदे तळाशी कापले गेले, त्यांना झालेले दुःख खरे होते.

तरीही पुन्हा पहिल्या आलेखाकडे येऊ. 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना 50,000 रुपयांहून अधिक काढता येईना. 36 रुपयांच्या घरातला शेअर दुसऱ्या दिवशी निम्म्याहूनही खाली बंद झाला. पुढच्याच आठवड्यात पुनर्रचना योजना आली आणि 100 हून अधिक शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. 400 पासून 36 पर्यंतच्या वाटेवर कोणत्याही दिवशी जी विक्री करता आली असती, ती करण्यासाठी त्यांना मार्च 2023 ची वाट पाहावी लागली.