नाक दुसरीचं, नंबर स्वतःचा

(पडद्यावर : लिफ्टवर चढवलेली गाडी. पुढचं डावं चाक मागे सरकून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या भिंतीला, टेकलेलं.)

१९६९ सालची डॉज चार्जर आर-टी, म्हणजे चार्जर गाडीची दमदार इंजिनवाली आवृत्ती. डावीकडून जबर ठोकली गेली आहे. चेपलेलं बॉनेट, फाटलेलं मडगार्ड, लोंबणारा बंपर, यांचं फारसं काही नाही. बोल्ट सोडले की निघतात, नवे मिळतात. खरा मार त्यांच्या मागे लागलाय.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पत्र्याचे दोन पोकळ, चौकोनी दांडे पुढे येतात, त्यांना रेल म्हणतात. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो के-मेंबर याच रेलना बोल्टने धरलेला असतो. डावा रेल दुमडलाय आणि जाताना त्याने उजव्यालाही खेचलंय.

(पडद्यावर : दुसरी गाडी. रंग उडालेला, पत्रा शाबूत, डिकी चिरडलेली.)

ही डोनर, म्हणजे भाग देणारी गाडी. तीही १९६९ चीच चार्जर, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली. उन्हाने डॅशबोर्ड तडकलाय, सीटचा भुगा झालाय, पण पत्रा खणखणीत. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिकडच्या याच वयाच्या गाडीचं कार्पेट उचललं तर खाली बऱ्याचदा तळच नसतो. हिला मागून धडक बसली आहे. म्हणजे एकीचं पुढचं गेलं, दुसरीचं मागचं. म्हणून हिचं नाक, म्हणजे रेलसकट पुढचा भाग, कापून आर-टीला जोडायचं.

एक काळ असा होता की साधं ३१८ घन इंचांचं इंजिन असलेली चार्जर मोठ्या इंजिनवालीसाठी खुशाल कापली जायची. आज धडधाकट ३१८ ला ग्राइंडर लावणं म्हणजे शुद्ध करंटेपणा. ही मागून चिरडलेली होती, म्हणूनच इथे आली.

कापाकापीआधी मोजमाप. दोन्ही गाड्यांत चौकोनी पाइपांचे आडवे-तिरके टेकू वेल्ड केले, नाहीतर पुढचा भाग सुटताच उरलेली बॉडी आपला आकार सोडते. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कुठल्या भोकापासून कुठल्या भोकापर्यंत किती अंतर हवं, त्याचा नकाशा असतो. दोन्ही कर्ण जुळले तर रेल सरळ, नाही जुळले तर नाही.

आता जवळून पाहा. कारखान्यात हे भाग स्पॉट वेल्डने, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने वितळवून, जोडलेत. वरून फक्त नखाएवढा गोल खळगा दिसतो, तोही रंग खरवडल्यावर. त्या खळग्यावर कटर धरायचा आणि एकच पत्रा कापायचा, दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. गंमत अशी की दोन्ही गाड्यांत बाजू उलटी. ठोकलेल्या गाडीचा रेल भंगारात जाणार, म्हणून भोकं रेलच्या बाजूने. डोनरचा रेल वाचवायचाय, म्हणून तिथे फायरवॉलच्या बाजूने. घाईत बाजू चुकली की चांगल्या पत्र्याची चाळण.

नवं नाक जागेवर आलं की लगेच वेल्डिंग नाही. आधी क्लॅम्प, मग के-मेंबर बसवून पुन्हा मोजणी. मग दरवाजा आणि मडगार्ड टांगून मधली फट बघायची: वर, मध्ये, खाली. फट सारखी दिसली तरच पक्के टाके. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. एकाच जागी वेल्डिंग चालू ठेवलं तर तो उष्णतेने वाकतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे.

आणि आता गाडीची ओळख सांगणारा नंबर. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, काचेतून दिसेल अशी पट्टी आहे. सुरुवात एक्स-एस-२९-एल-९-बी. यातला एल म्हणजे ४४० मॅग्नम, सात लिटरहून मोठं, जाहिरातीतल्या ३७५ अश्वशक्तीचं. (त्या काळी इंजिन गाडीबाहेर, जोडसामान न लावता मोजायचे, म्हणून आकडा मोठा दिसतो, हे लक्षात ठेवा.) नऊ म्हणजे साल, बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. डोनरच्या पट्टीवर एलच्या जागी एफ आहे, म्हणजे ३१८. आख्खी डोनर बॉडी घेऊन तिच्यावर आर-टीची पट्टी ठोकण्याचे उद्योग या धंद्यात झालेत. माझ्या मते ती दुरुस्ती नव्हे, फसवणूक. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नंबर काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. दुरुस्तीसाठी पट्टी काढणं खरोखर गरजेचं असेल तरच सूट. इथे पट्टीला कोणी हात लावलेला नाही. ती जिथे रिव्हेट केली होती तिथेच आहे.

पण पेच आलाच. रेडिएटर ज्यात बसतो त्या चौकटीवरही याच नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. डोनरचं नाक जसंच्या तसं लावलं, तर बॉनेटखाली परका नंबर. म्हणून डोनरची चौकट सोडवून बाजूला ठेवली आणि जुनी, चेपलेली चौकटच मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने ठोकून सरळ केली. जिथे आकडे आहेत तिथे ना ग्राइंडर, ना पुट्टी. चौकट अजून थोडी वरखाली दिसते. तशीच राहणार आहे.

डोनरचा उरलेला भाग त्याच्या पट्टीसकट, त्याच्या कागदांसकट वेगळा ठेवलाय. छप्पर आणि दरवाजे कुणाच्या तरी कामी येतील. कापण्याचे, जोडण्याचे सगळे फोटो आर-टीच्या फाइलमध्ये लावलेत. पुढे कोणी ही गाडी घ्यायला आला, तर फाइल आधी आणि चावी नंतर.

आता के-मेंबरवर ४४० आणि गिअरबॉक्स ठेवून बॉडी वरून खाली आणायची, कारखान्यात जसं करायचे तसंच. मग टॉर्शन बारला, म्हणजे पुढच्या चाकांसाठी स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांना, पीळ देऊन उंची लावायची. डावं मडगार्ड दरवाजापेक्षा अजून किंचित वर आहे. तिथली एक शिम, म्हणजे फट भरायची पातळ चकती, काढावी लागेल.