लडलोची पोरं

[दृश्य: जुना टेपरेकॉर्डर. प्लेचं बटण दाबणारं बोट.]

ऐकलंत? आधी लांबलचक शिट्टी, मग नुसती किरकिर. टीव्हीच्या कडांना लाल-आकाशी पट्टे सरकतात, मग निळे-पिवळे. झेडएक्स स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून गेम चढतोय. चार-पाच मिनिटं टेबलाला कुणी हात लावायचा नाही. आणि एवढा धीर धरूनही पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' उमटलं, की कॅसेट मागे फिरवा आणि पहिल्यापासून सुरू करा.

१९८२ साली सिंक्लेअर कंपनीने रबरी बटणांचा हा कॉम्प्युटर ब्रिटनमध्ये बाजारात आणला. सर्वांत स्वस्त मॉडेल १२५ पौंडांना. आईवडिलांनी तो अभ्यासासाठी म्हणून घेतला, मुलांनी त्यावर गेम खेळले. पुढे आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला. त्या घरांतही फार वेगळं काही घडलं नसावं.

पण कुठला गेम घ्यायचा? कव्हरवरचं चित्र झकास आणि आत फुसका बार, हा प्रकार सर्रास. तेव्हाच्या मासिकांची बरीच पानं 'बेसिक' या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रॅमनी भरलेली. ते आपणच टाइप करायचे. एक स्वल्पविराम राहिला, की संध्याकाळ वाया.

[दृश्य: लडलो. किल्ला, अरुंद चढाचे रस्ते.]

इंग्लंडमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं हे लडलो गाव. कॉम्प्युटर उद्योगाशी या गावाचा काडीचा संबंध नव्हता. १९८३ मध्ये रॉजर कीन, चित्रकार ऑलिव्हर फ्रे आणि त्यांचे भाऊ फ्रँको यांनी इथून टपालाने गेम विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना पाठवायच्या कॅटलॉगमध्ये गेमची नुसती नावं नव्हती, तो कसा आहे तेही लिहिलेलं असे. लोकांना ते वाचायला आवडू लागलं. १९८४ च्या सुरुवातीला त्यातूनच मासिक निघालं: 'क्रॅश'.

दर महिन्याला एवढे गेम खेळून पाहायला माणसं आणायची कुठून? कीन यांनी आणली गावातल्या शाळेतून. शाळा सुटली की पोरं कार्यालयात यायची, खेळायची, मत द्यायची. एका गेमवर तिघांची मतं. ग्राफिक्सला इतके टक्के, खेळायला कसा वाटतो त्याला इतके, पैसे वसूल होतात का त्याला इतके. 'चटक लागते का' याचेही वेगळे टक्के! नव्वदीच्या वर गेला तो 'क्रॅश स्मॅश'. माझ्या मते मासिकाची खरी पुंजी हीच. ज्यांच्यासाठी गेम बनत होते, तेच परीक्षकाच्या खुर्चीत बसले होते.

[दृश्य: मुखपृष्ठं, एकामागून एक.]

आणि ही फ्रे यांची मुखपृष्ठं. स्विस माणूस, कॉमिक्सच्या दुनियेतून आलेला. १९७८ च्या 'सुपरमॅन' सिनेमात सुरुवातीला दिसणारं कॉमिकही त्यांच्याच हातचं. गेममध्ये नायक म्हणजे चार चौकोनी ठिपके. फ्रे त्याला स्नायू द्यायचे, घाम द्यायचे, मागे जळतं आकाश द्यायचे. पोरं गेम खेळताना डोळ्यांपुढे ते चित्र धरत असणार.

वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे लॉइड मँग्रम. वाचकांचे लाडके. फक्त या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता.

१९८६ पर्यंत खप महिन्याला एक लाखावर गेला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र मस्ती अंगाशी आली होती. 'सिंक्लेअर युझर' या प्रतिस्पर्धी मासिकाचं विडंबन त्यांनी 'अनक्लिअर युझर' नावाने छापलं. समोरच्या प्रकाशकाला, ईमॅपला, विनोद रुचला नाही. प्रकरण कायद्याच्या वाटेने गेलं आणि अंक बाजारातून काढून घ्यावा लागला.

मग काळ बदलला. पोरं अमिगा या नव्या कॉम्प्युटरकडे, कन्सोलकडे वळली. अंक खपावेत म्हणून मासिकं मुखपृष्ठावर कॅसेट चिकटवू लागली. गेमच फुकट मिळतोय म्हटल्यावर तो चांगला की वाईट हे वाचणार कोण? १९९१ मध्ये 'क्रॅश'ची प्रकाशनसंस्था न्यूजफील्ड बुडाली. युरोप्रेस या दुसऱ्या प्रकाशकाने मासिक काही महिने चालवलं, पण एप्रिल १९९२ चा ९८ वा अंक शेवटचा ठरला.

[दृश्य: 'सिंक्लेअर युझर'चा अंक.]

'क्रॅश' हे नाव विकत घेतलं ईमॅपने, आणि ते विलीन केलं 'सिंक्लेअर युझर'मध्ये. हो, त्याच. वर्षभरात तेही बंद पडलं.