वीस मिनिटं आणि काचेची नळी

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी आणि पुढच्या रांगेत बसलेले माझे जुने पेशंट,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘द पिट’ या मालिकेचा पहिला हंगाम. हंगाम हा शब्द आपण आंब्याला लावायचा. मालिकेलाही लागतो, हे मला नातीने शिकवलं. आंब्याचा यंदाचा कसा गेला ते विचारत नाही, उगाच सभेवर सुतक यायचं.

जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या या हंगामाचे पंधरा भाग, आणि एक भाग म्हणजे ड्यूटीचा एक तास. पिट्सबर्गमधल्या एका काल्पनिक इस्पितळाचा तातडीचा विभाग. पहिला भाग सकाळी सातला सुरू होतो. मोठे डॉक्टर रॉबी, काम नोआ वायलीचं. हाच १९९४ साली ‘ईआर’ या इस्पितळावरच्याच मालिकेत शिकाऊ पोरगा होता, आता दाढी पिकवून आलाय. एमी पुरस्कारही घेऊन गेला. पण माझं म्हणणं असं, की हंगामाचा खरा नायक रॉबी नव्हेच. कोण, ते सांगतो. आधी फुरशाची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाची, गोष्ट सांगायला हवी. अध्यक्ष हसतायत, त्यांनी ती चार वेळा ऐकलीय.

मी देवगडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. एप्रिल महिना. सड्यावरच्या बागेत आंबे उतरवणाऱ्या एका गड्याच्या घोट्याला फुरसं डसलं. वीत-दीड वीत जनावर, पण दगड उचलला की खाली हेच. टेम्पोतून पेशंट आला आणि त्याच्याबरोबर अख्खी वाडी. परदेशी मालिकेत पेशंटबरोबर एक बायको असते, फार तर एक वकील. आपल्याकडे सोळा माणसं, एक कोंबडा आणि मेलेलं फुरसं पिशवीत. कोंबडा कशाला, ते विचारू नका. देवाला बोललेला होता.

पाय सुजलेला, पण रक्त कुठून येत नव्हतं. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते अंगात भिनलंय का, हे बघायची साधी रीत आहे. दोन मिली रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला बोटसुद्धा लावायचं नाही. मग एकदाच आडवी करायची. गोठलं असेल तर तूर्त निभावलं; पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष.

तर मी नळी ठेवली आणि समोर बसलो. पाच मिनिटांत पेशंटचा मेव्हणा आला. “डॉक्टरानू, तुमी नुसते बगीत काय बसलास? कायतरी करा!”

“ताच करतंय,” मी म्हटलं.

ताळा म्हणून शेजारच्या नळीत माझं स्वतःचं रक्त घेतलं होतं. वीस मिनिटं झाली. त्याची नळी आडवी केली, वाहिलं. माझी केली, तीही वाहिली! खिडकीतून बघणाऱ्या सोळा जणांत कुजबुज झाली, डॉक्टराकय चावला. एक म्हातारी बाहेर जाऊन माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला लागली. त्याच कोंबड्यावर.

झालं होतं काय, की कुणीतरी नळ्या धुण्याच्या पावडरीने लख्ख घासून ठेवल्या होत्या. रक्त काचेला लागलं की गोठायला सुरुवात होते. पावडरीचा अंश राहिला तर काचेचा तो गुणच जातो. प्लास्टिकच्या नळीतही तीच गत, म्हणून आजही काचेचीच नळी लागते. शेवटी खोक्यातल्या कोऱ्या नळ्या काढल्या. पुन्हा वीस मिनिटं. कंपाउंडरने तेवढ्यात प्रतिविषाच्या दहा कुप्या मोजून टेबलावर मांडल्या. या वेळी माझं रक्त जेलीसारखं बसलं, त्याचं वाहिलं. सलाईनमधून प्रतिविष सुरू केलं. गडी बरा झाला. कोंबड्याचं मात्र—

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. आणि साडेआठची वस्तीची एस्टी आहे, ठाऊक आहे.

तर मुद्दा. मालिकांनी वैद्यकी म्हणजे धावपळ असं आपल्या मनावर ठसवलं. हृदयाची रेषा सरळ झाली की शॉक देतात. प्रत्यक्षात तिथे ठोकाच नसतो, शॉक चालत नाही. १९९६ साली अमेरिकेत काही संशोधकांनी मालिकांमध्ये छाती दाबून जिवंत केलेले पेशंट मोजले. तिथल्या तिथे ७५ टक्के वाचत होते! आमच्या हातून एवढे वाचले असते तर गावाने माझा पुतळा उभारला असता. धावपळ ‘पिट’मध्येही आहे, पण वर खाटा रिकाम्या नाहीत म्हणून पेशंट खालीच अडकलेत आणि बाहेरची खोली तुंबलीय, हेही आहे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घड्याळ खरं चालतं.

त्या बाहेरच्या खोलीत ड्रिस्कॉल नावाचा एक माणूस आहे. छातीत दुखतं म्हणून आलेला. ईसीजी काढलाय, आता बसा म्हणून सांगितलंय. तो तासन्‌तास बसतो, चिडतो, आणि शेवटी बाहेर आलेल्या मुख्य परिचारिका डेना हिच्या तोंडावर ठोसा मारून निघून जातो. ठोसा अक्षम्यच. पण माझा नायक तो. त्याला बसवून ठेवणं बरोबर होतं, माझ्या वीस मिनिटांसारखा तोही उपचारच होता. फक्त कशासाठी थांबायचं हे त्याच्या शेजारी बसून सांगायला कुणाला फुरसत नव्हती. माझ्या पेशंटच्या मेव्हण्याला निदान नळी दिसत तरी होती. पंधरापैकी एक अख्खा भाग त्या खुर्चीवर हवा होता. गोळीबारातले जखमी येतात ते भाग थोडे कापले असते तरी चाललं असतं.

दिवे बंद करतायत. कोंबड्याचं काय झालं ते ज्यांना ऐकायचंय त्यांनी स्टँडपर्यंत बरोबर चला. एस्टी काही वेळेवर यायची नाही.