सुई लावली की कॅन्सर पसरतो? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न शंभर तऱ्हांनी आलाय, "डॉक्टर, सुई टोचली की फुप्फुसातली गाठ पसरते ना?" म्हणून आज फक्त तेवढंच.

बाकीचं पटापट. खोकला जात नाही, थुंकीत रक्त, वजन उतरतंय, आवाज बसलाय? एक्स-रे, मग सीटी. तंबाखूचा धूर हे सगळ्यात मोठं कारण, पण आयुष्यात बिडीला हात न लावलेले पेशंटही येतात. झालं.

आता सुई. सीटीत गाठ दिसली म्हणून कॅन्सर ठरत नाही, टीबीही तसाच दिसू शकतो. एका आजोबांना नुसता डाग बघून टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या, थुंकी न तपासता! कोर्स संपला, डाग वाढला. अहो, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय (त्यालाच बायोप्सी म्हणतात) कळणार कसं? सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं फार दुर्मीळ. हवा गळून फुप्फुस थोडं दबू शकतं, ते खरं. पण बहुतेकांना ती हवा काढायला छातीत नळीही लागत नाही.

बरं, तुकडा पुरेसाही हवा. रिपोर्टवर "ॲडिनोकार्सिनोमा" (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलं की घरचे विचारतात, "केमो कधी?" थांबा हो! आजार पसरलेला असेल तर आधी त्या तुकड्यात ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुकं आणि पीडी-एल१ हे प्रथिन बघायचं, औषध त्यावर ठरतं. ईजीएफआरमध्ये योग्य बदल सापडला तर जेफिटिनिब, ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या चालतात. परळच्या टाटा मेमोरिअलच्या अभ्यासात अशा पेशंटना जेफिटिनिबसोबत केमो दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ वरून १६ महिन्यांवर गेला. त्रासही वाढला, तेही सांगतो. पण चिमूटभर तुकड्यात या तपासण्या होणार कशा?

एक दादा लिहितात, "हळद द्या, सुई कशाला?" दादा, हळद भाजीत घाला.

आणि तोच तुकडा परत एकदा: मेणात बसवलेला, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतला, त्याला ब्लॉक म्हणतात. लोक मुंबईला जाडजूड फाइल घेऊन जातात आणि ब्लॉक गावच्या लॅबमध्ये! मग परत सुई. निघण्यापूर्वी लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) मागून घ्या.

"कुरिअरने पाठवला तर चालेल?" चालेल, लॅबकडून नीट पॅक करून घ्या. फक्त उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.